चिंचेवरचं घर आणि गावाच्या मागण्या

तुमच्या घरात वाचणारी मुलगी असेल, तर तिला एक अख्खं पान सलग वाचता येतं का, हे तुम्ही कधी थांबून पाहिलं आहे?

मी पाहिलं आहे. माझ्या भावाची मुलगी नववीत आहे. मला आत्या म्हणते. तिने पुस्तक उघडलं की आमच्या घरातल्या प्रत्येकाला तहान लागते. माझ्या वडिलांना, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, चष्मा सापडेनासा होतो. भावाला चार्जर हवा असतो. वहिनीला लसूण सोलून हवा असतो. शेजारीण कोथिंबीर मागायला येते आणि ती कोथिंबीरसुद्धा हिनेच उठून द्यायची असते. पोरगी पानात बोट घालून उठते, काम करून येते आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचते. माझा भाऊ प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींना वाचायला बसवतो आणि घरी येऊन स्वतःच्या मुलीला वाचनातून उठवतो. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

मी स्वतः गोष्टींवर वाढले नाही, पत्रकांवर वाढले. आबा तहसील कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटली की चळवळीत. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. शाळेची भाकरी मी उरलेल्या पत्रकात गुंडाळून न्यायचे. कधीकधी भाकरीवर उलट्या अक्षरांत ‘जाहीर’ उमटायचं आणि ‘निषेध’ चटणीत जायचा. परी, ससा, राजा वगैरे मंडळी आमच्याकडे आलीच नाहीत. आली असती तरी राजाला आबांनी दारातच अडवून जमिनीच्या वाटपाबद्दल विचारलं असतं.

गोष्टी घरात आल्या त्या भाचीमुळे. जिंतूरला एका निवृत्त गुरुजींनी घर आवरताना जुनी पुस्तकं पोत्यात भरून तिला देऊन टाकली. शंभरेक वर्षांपूर्वी साहेबाच्या देशात मुलांसाठी जी साहसाची पुस्तकं निघत, त्यांची ती मराठी रूपं होती. रूपांतर करणाऱ्याने मुलांची नावं आपल्याकडची केली होती, हवा मात्र तिकडचीच ठेवली होती. त्यामुळे आपल्या नावाची मुलं वैशाखात लोकरीचे मोजे घालून शेकोटीपुढे बसलेली असत.

मीही ती वाचून काढली, आणि माझ्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक पुस्तकात झाडावर एक घर आहे. आधी वादळ होतं आणि जहाज फुटतं. माणसं बुडतात, पण करवत, खिळे, दोर आणि चहाची किटली न चुकता किनाऱ्याला लागते. मग एक भलं मोठं झाड सापडतं. ते कुणाचं आहे, असं पुस्तकभर कुणीही विचारत नाही. त्या झाडाला मुंगळे नसतात. त्यावर पक्षी असतात, पण ते पक्षी जे करतात ते कुणाच्या अंगावर पडत नाही. घर दोन दिवसांत तयार होतं, त्याला खिडकी असते, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्या बेटावरची मूळची माणसं भाले घेऊन झाडाखाली येतात. पोरं वरून बंदुका चालवतात. मूळची माणसं पळून जातात. ती कुठे पळाली, त्यांची घरं कोणत्या झाडावर होती, हे लिहायला लेखकाला कागद उरलेला नसतो.

माझं डोकं तापलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून भाषणच केलं. बेट कुणाचं, झाड कुणाचं, भाले हातात घेणारा स्वतःच्या अंगणात उभा आहे आणि चोर वर बसून चहा पितोय, वगैरे. वहिनी भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं आणि मला पीठ मळायला दिलं.

भाची म्हणाली, “आत्या, ती मारामारी मी सोडूनच देते.”

“मग वाचतेस काय?”

“खोली.”

तिने मला दाखवलं. ती त्या पुस्तकांत फक्त घराची पानं वाचायची. फळीवर कप कसे ठेवले, कंदील कोणत्या फांदीला टांगला, पाल्याची गादी कशी केली. वादळ, बंदुका, खजिना, सगळं ओलांडून ती पुढच्या पुस्तकातल्या घरात जायची. आणि एक ओळ तिला पाठ होती. अंधार पडला की मुलं दोराची शिडी वर ओढून घेत.

“वर ओढून घ्यायची, आत्या. मग खालून कितीबी बोंबला.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण या पुस्तकातली आई वर कधी बसतच न्हाई. नुसती खालून पाणी आणायली, वर नेऊन द्यायली, परत खाली जायली.”

एवढ्या वर्षांच्या पत्रकांत हा मुद्दा आमच्या कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

तुम्ही म्हणाल, झाडच कशाला, गावात दुसरी जागा नाही का? आमच्या वस्तीत विहार आहे, चांगला प्रशस्त आहे. तिने तिथे वाचायला बसून बघितलं. येणारा प्रत्येक जण तिला सतरंजी अंथरायला सांगायचा, आणि बैठक संपली की गुंडाळायला. शाळा सुटली की शाळेला कुलूप. घराच्या गच्चीवर गेली तर वाळवण राखायला आलीच आहे असं सगळे धरून चालायचे. तिला एक अशी जागा हवी होती जिथे हाक पोचली तरी माणूस पोचणार नाही. एवढीच तिची अडचण होती आणि पुढे जे काही झालं ते या एवढ्या अडचणीपायी झालं.

चारठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एक जुनी चिंच आहे. तिच्या खोडाला दोन पुरुष उंचीवर तीन फांद्या फुटतात आणि मधे बाजेएवढी जागा राहते. पण पुस्तकातल्या पोरांसारखं न विचारता झाड बळकवायचं नाही, हे माझं तत्त्व होतं. चिंचेखाली एका अप्पांचं किराणा दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात सुपारी, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा डोळे मिटलेले.

“अप्पा, ही चिंच तुमची का?”

“सावली माझी हाय,” अप्पा डोळे न उघडता म्हणाले. “आजोबापासून दुकान तिच्या सावलीत हाय. झाडाचं मला ठाऊक न्हाई.”

“मग झाड कुणाचं?”

“रस्तेवाल्यायचं आसंल. न्हाईतर पंचायतीचं. चिंचा पोरायच्या. तुमाला काय पायजे?”

“आम्हाला वर बसायचंय.”

“बसा की. फकस्त माझी सावली हालली न्हाई पायजे.”

मी ग्रामपंचायतीत गेले. तिथे ग्रामसेवक म्हणाले की हे झाड कुठल्याच नोंदीत नाही. नोंदीत नसलेल्या झाडावर बसायला परवानगी देता येत नाही. नाकारताही येत नाही, कारण नाकारायला झाड लागतं. ही मी परवानगी समजले.

आता सामान. आमच्याकडे समुद्र नाही, त्यामुळे जहाज फुटायची सोय नाही. पण मंडपवाल्याकडे मोडक्या स्टेजच्या फळ्या होत्या. ज्या फळीवरून भाषण करताना एक वक्ते मधेच खाली गेले होते, ती फळी मी वेगळी काढून परत केली. येलदरीच्या धरणावरून मासे विकायला एक मावशी येतात. त्यांनी जुन्या जाळ्याचा दोर दिला. त्या दोरात बांबूचे तुकडे अडकवून शिडी झाली. दोराला माशांचा असा काही वास होता की गावातली सगळी मांजरं पुढचा आठवडाभर चिंचेखाली सभा भरल्यासारखी बसून वर बघत होती. अप्पा म्हणाले, “सावलीत बसायलेत, बसू द्या.”

भिंत आणि छप्पर आम्ही फ्लेक्सचं केलं. आमच्या भागात फ्लेक्सला तोटा नाही. कुणा ना कुणाचा वाढदिवस रोज असतो, आणि वाढदिवस सरला की तो माणूस कुणाच्या तरी गोठ्यावर, कडब्यावर, न्हाणीवर पसरलेला दिसतो. आम्हाला मिळाला तो एका भल्या दांडग्या पुढाऱ्याचा होता, हात जोडलेला. आधी आम्ही त्याचं तोंड आतल्या बाजूला केलं. भाची एक दिवस बसली आणि खाली आली.

“आत्या, हा माणूस सारखा माझ्या पुस्तकात बघायलाय.”

म्हणून आम्ही फ्लेक्स उलटवला. आता तो हात जोडून रस्त्याकडे बघू लागला. इथे आमची चूक झाली. म्हणजे पुस्तकांत ही अडचण कुठेच दिलेली नव्हती.

पुढचा रविवार आला. मीही तिच्यासोबत वर होते. तिने शिडी ओढून घेतली, भिंतीला टेकली आणि वाचायला लागली. मी पहिल्यांदा तिला पान उलटताना पाहिलं, आणि मग दुसरं, आणि मग मी बघायचं सोडून दिलं, कारण ते तिचं खासगी काम होतं.

खालून वहिनीची हाक आली. मग दुसरी. मग वहिनी स्वतः आली.

“ये खाली. दळण आणायचंय.”

“न्हाई उतरत,” भाची वरून म्हणाली. तिने मान वर केली नाही.

“काय म्हणायलीस?”

“मी उतरणार न्हाई.”

झालं. नेमका त्याच वेळी रस्त्यावरून एक मोटरसायकलवाला चालला होता. त्याने झाड पाहिलं. झाडावर पुढाऱ्याचा फोटो, त्याच्या मागे दोघी जणी, शिडी वर ओढलेली, आणि त्यातली पोरगी ओरडून सांगतेय की मी उतरणार नाही. आमच्या जिल्ह्यात याचा एकच अर्थ होतो. आमच्याकडे माणूस आपणहून पाण्याच्या टाकीवर, मोबाइलच्या टॉवरवर किंवा झाडावर चढतो तो पीकविम्यासाठी, रस्त्यासाठी, नाहीतर शाळेत मास्तर द्या म्हणून. तिथे बसून तो घोषणा देतो, साहेब येतात, आश्वासन देतात, सरबत पाजतात, तो उतरतो. ही रीत आता लग्नाच्या रीतीइतकी पक्की आहे. मोटरसायकलवाल्याने मोबाइल काढला आणि चित्रण करत मोठ्याने म्हणाला, “आंदोलन सुरू झालेलं हाय.”

जेवायची वेळ होईस्तोवर चिंचेखाली मांजरांना जागा उरली नाही.

“कशासाठी चढल्या?” एकाने विचारलं.

“डीपीसाठी,” दुसरा म्हणाला. आमच्या गल्लीतला विजेचा डीपी सारखा जळतो, हे खरं आहे.

“न्हाई, स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी.”

“एसटीसाठी, एसटीसाठी. बाया म्हणल्यावर एसटीच.”

मी वरून ओरडले, “अहो, काही मागणी नाही! आम्ही वाचत बसलोय!”

मग एक म्हातारे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, “बगा, कशी ठाम हाय. सायेब आल्याबिगर तोंड उघडायची न्हाई.”

तेवढ्यात आबा आले. आबांनी आयुष्यभर आंदोलनं केली. उन्हातान्हात पत्रकं वाटली. त्यांच्या सभेला मोजकी माणसं यायची, आणि त्यातली काही एसटीची वाट बघत असायची. आज त्यांना चिंचेखाली सगळं गाव दिसलं आणि वर स्वतःची लेक आणि नात. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी अप्पांकडून बिस्किटाचं खोकं फाडून घेतलं आणि त्यावर मागण्या लिहायला बसले.

“आबा, मागण्या नाहीत!” मी म्हणाले.

“नसतात कशा? एवढी माणसं काय खामखा उभी हायेत?”

आता खरं सांगायचं तर माझंही रक्त गरम होऊ लागलं होतं. वरून माणसं दिसत होती, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती, आणि डीपी खरोखरच जळतो. मी उभी राहिले. फांदीला धरलं. “बंधू-भगिनींनो,” मी सुरू केलं, आणि विजेपासून स्मशानभूमीपर्यंत आले. टाळ्या पडू लागल्या. बेटावरच्या माणसांचा विषयसुद्धा मी त्यात आणला, आणि त्यांनाही टाळ्या पडल्या.

मागून भाचीने माझा पदर ओढला.

“आत्या, हळू बोल ना. मी वाचायले.”

मी खाली बसले. 

दुपारी नायब तहसीलदार आले. रविवार असल्यामुळे ते कुणाच्या तरी साखरपुड्यातून थेट आले होते आणि डोक्यावरचा गुलाबी फेटा काढायचा राहिला होता. सोबत एक जमादार होता. फेटा बघून लोकांना वाटलं सत्कार आहे, म्हणून आणखी थोडी माणसं जमली.

साहेबांनी आबांना ओळखलं. “बाबा, तुमी तर आपल्याच कचेरीतले. तुमच्याच घरातल्यांनी आमाला रविवारी असं परेशान करायचं?”

आबांनी खोक्याचा पुठ्ठा पुढे केला. साहेबांनी मागण्या वाचल्या. डीपी. रस्ता. एसटी. शाळेला मास्तर. मोबाइलला रेंज. आणि मधेच कुणीतरी घुसडलेलं, अप्पांनी सुपारीचा भाव कमी करावा.

“मंजूर,” साहेब म्हणाले. “सगळ्याचा पाठपुरावा करू. सुपारीचं सोडून. आता खाली या, सरबत घ्या, उपोषण सोडा.”

“उपोषण नाही हो,” मी म्हणाले.

“पोरगी उपाशी हाय का न्हाई?”

“मी जेवले,” भाची म्हणाली. “ठेचा-भाकरी.”

“कधी?”

“आत्ताच.”

साहेबांनी जमादाराकडे पाहिलं. जमादार म्हणाला, “जेवणावर प्या, चालतंय.”

अप्पांच्या दुकानातून सरबताची बाटली आली. कुणीतरी फोटोसाठी ग्लास साहेबांच्या हातात दिला. ग्लास वर कसा पोचवायचा हा प्रश्न आला, कारण शिडी वर होती. साहेबांनी ग्लास तसाच उंच धरला. बराच वेळ धरला. फोटो निघाले. हात दुखला म्हणून त्यांनी तो खाली केला आणि जमादाराने सरबत पिऊन टाकलं.

मग साहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. आश्वासन दिलेलं आहे, आंदोलन संपलेलं आहे, तेव्हा ही फळ्यांची भानगड आजच्या आज उतरवायची. अनधिकृत आहे.

भाचीने पुस्तक मिटलं. बोट न घालता मिटलं. दिवसभरात पहिल्यांदा ती खाली बघून बोलली.

“डीपी माझी मागणी न्हाई. माझी एकच हाय.”

मोबाइल वर झाले.

“मी वाचायला बसले की मला कुणी हाक मारायची न्हाई. तेवढं द्या. मग तुमी म्हणाल तर उतरते.”

साहेबांनी फेटा काढून काखेत घेतला. “हे कोणत्या खात्यात येतं?” त्यांनी जमादाराला विचारलं.

“शिक्षण?” जमादार म्हणाला.

“शिक्षणात हाक मारायचं कुठं येतंय?”

“महिला बालकल्याण?”

“ते अंगणवाडीचं बघतात.”

“पाणीपुरवठा,” गर्दीतून एक जण म्हणाला. “सगळ्या हाका पाण्यासाठीच आसतात.” त्यावर पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत.

“बेटा,” साहेब शेवटी म्हणाले, आणि माणूस प्रामाणिकपणे बोलत होता, “डीपी मी देऊ शकतो. रस्ताबी देऊ शकतो, म्हणजे वर कळवू शकतो. पण हे माझ्या अधिकारात न्हाई. हे घरचं मॅटर हाय. घरच्यांनी द्यायचं.”

सगळ्यांनी घरच्यांकडे, म्हणजे वहिनीकडे पाहिलं. आबांकडे नाही. माझ्या भावाकडे नाही, जो मागे उभा राहून कुणी विद्यार्थी बघत नाही ना ते बघत होता. वहिनी खांद्यावर दळणाचं पोतं घेऊन उभी होती. शेवटी दळण तिनेच आणलं होतं.

“बोला, बाई,” साहेब म्हणाले. “द्या पोरीला आश्वासन आणि न्या घरी.”

वहिनी म्हणाली, “मला कोण देणार हाय?”

“काय?”

“हेच. मला कोण देतंय असलं आश्वासन?” तिने पोतं खाली ठेवलं आणि वर बघितलं. “शिडी सोड गं.”

गर्दीत सुटकेचा आवाज झाला. आई वर गेली की पोरगी उतरणार. भाचीने दोर हातात घट्ट धरला. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. पानं, फळी, भिंत, सगळं एका क्षणात जाणार असं ते तोंड होतं.

“आई, मला न्यायला यायलीस का?”

“न्हाई.”

“मग कामून?”

“बसायला.”

शिडी खाली गेली. वहिनी साडीचा काष्टा मारून वर आली. तिला चढता येतं हे माझ्या भावालाही ठाऊक नव्हतं. लहानपणी ज्वारीची पाखरं राखायला ती रानातल्या माळ्यावर चढायची, हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. वर आल्यावर तिने स्वतःच शिडी ओढून घेतली, फळ्या हाताने पुसल्या, पाय लांब केले, डोळ्यावर पदर घेतला आणि झोपली. भर दुपारी, सगळ्या गावासमोर. थोड्या वेळात घोरायला लागली.

“झोपल्या वाटतं,” जमादार म्हणाला.

“या कोणत्या मागणीसाठी झोपल्या?” साहेबांनी विचारलं.

आबांनी पुठ्ठ्यावर पेन टेकवलं आणि चष्मा शोधत नेहमीच्या सवयीने वर बघून म्हणाले, “सूनबाई, माझा...” मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय करतोय ते. त्यांनी तोंड मिटलं. समोर एवढा जनसमुदाय असताना आबांनी तोंड मिटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“आबा, चष्मा डोक्यावर हाय,” भाची कुजबुजली. “आईला उठवू नका.”

साहेबांनी फळ्या काढायचा हुकूम दिला. पण वर जायला शिडी हवी होती. गावात एवढी उंच शिडी एकट्या वायरमनकडे. वायरमनला बोलावलं, तो शिडी घेऊन कोपऱ्यावर आला, त्याने डीपीसाठी जमलेला जमाव पाहिला, आणि शिडीसकट पळाला. निम्मी गर्दी त्याच्यामागे गेली. उरलेल्यांत बायका जास्त होत्या. त्या हळू आवाजात बोलत होत्या, वहिनी जागी होऊ नये म्हणून. मासेवाल्या मावशी पाटी डोक्यावरून उतरवून खोडाला टेकल्या. एवढी माणसं जमलेली असताना गाव कधी एवढं गप्प नसतं. साहेब जमादाराला हळूच म्हणाले, “चला. समजूत काढली म्हणून सांगू.” आणि फेटा घालून साखरपुड्याला परत गेले.

माझ्या भावाने दळणाचं पोतं उचलून घरी नेलं. त्या संध्याकाळी स्वयंपाक त्याने केला. स्वयंपाकाबद्दल मी काही लिहिणार नाही.

डीपी अजून जळतो. एसटी आली नाही. चिंचेवरचं घर मात्र आहे, कारण ते उतरवायला आलेला माणूस कोणत्या खात्याचा असावा हे अजून ठरलेलं नाही. पण आता तिथे जागा पुरत नाही. वहिनी येते. शेजारीण येते. मासेवाल्या मावशी पाटी रिकामी झाली की येतात, आणि अप्पांच्या घरच्या सूनबाई सासऱ्यांचे डोळे मिटले की मागच्या बाजूने चढतात. भाची दारात बसून प्रत्येकीला बजावते की वर बोलायचं नाही. काही जणी वाचतात. बऱ्याच जणी नुसत्या बसतात. एकदा फळी कुरकुरली तेव्हा सगळ्या एकदम श्वास धरून राहिल्या, पण उतरली कुणी नाही. अप्पा खालून म्हणाले, “सावली लय जड झाली बरं का.”

एका चिंचेवर सगळ्या जिल्ह्याच्या बायका बसवणं शक्य नाही, हे मी भाचीला कबूल केलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लेखकांनी झाडावर घर बांधायला बेट आणि बंदूक लागते असं मुलांना शिकवलं. ते खोटं आहे. मोडक्या फळ्या लागतात, जाळ्याचा दोर लागतो, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. हे सगळं तर तुमच्या गावात आहेच.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. या रविवारी तुमच्या गल्लीत एक दणकट झाड शोधा. झाड नसेल तर गच्ची, गच्ची नसेल तर माळा. तिथे फळ्या ठोका. ते कुणाचं आहे ते आधी विचारून घ्या. शिडी अशी बांधा की वर बसलेलीला ती एकटीच्या हाताने ओढून घेता येईल. मग शिडी तिच्या हाती द्या आणि घरी जाऊन दळण आणा.